यझ्द: पाण्याच्या पाळीवर उभं राहिलेलं शहर

इराणमधल्या यझ्द शहरात वर्षाला पाऊस पडतो जेमतेम ५०-६० मिलिमीटर. आपल्याकडे माण तालुका म्हटलं की दुष्काळ, हे शाळेतलं पोरगं पण सांगतं, तर त्या माणमध्ये सुद्धा साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, महाबळेश्वरला, साडेपाच हजाराच्या आसपास जातो. म्हणजे माणच्या पण आठ-नऊ हिश्शातला एक हिस्सा पाऊस यझ्दच्या वाट्याला, आणि तेवढ्यावर तिथे शतकानुशतकं एक अख्खं शहर नांदतंय, मशिदी, बाजार, बागा, अग्निमंदिर, रेशमाचे माग, सगळं. माझं आजोळ याच माणमधल्या म्हसवडच्या बाजूचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत टँकर यायच्या आधी हंडे-कळशा रांगेला लावायचं काम आम्हा पोरांकडेच असायचं, त्यामुळे असेल, पण या शहराबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाही.

इराणची जुनी शहरं म्हटलं की लोक पर्सेपोलिसचं नाव घेतात, इस्फहानचं घेतात, शिराजचं घेतात, आणि घ्यावंच, ती आहेतच तशी. पण पर्सेपोलिस अलेक्झांडरने जाळल्यावर संपलं, तिथे आता खांब आहेत. यझ्दमध्ये लोक अजून राहतात. त्याच मातीच्या गल्ल्यांत, बऱ्याच जागी त्याच घरांत. २०१७ साली युनेस्कोने या जुन्या शहराला जागतिक वारसा म्हणून यादीत घेतलं. आणि माझं मत विचाराल तर या शहराची प्रत्येक इमारत बघताना आधी एकच गोष्ट विचारायची, की इथे पाणी कुठून आलं. त्याचं उत्तर सापडलं की मशीद, बाग, हौद, घर, सगळं आपोआप समजत जातं.

तर भूगोल थोडा सांगते. यझ्द इराणच्या मधोमध आहे, एका बाजूला दश्त-ए-कवीर हे मिठाचं वाळवंट आणि दुसऱ्या बाजूला दश्त-ए-लूत, ज्याची गणना पृथ्वीवरच्या सगळ्यात तापणाऱ्या जागांमध्ये होते. शहर साधारण १२०० मीटर उंचीवर. नैऋत्येला शीरकूह नावाचा डोंगर, चार हजार मीटरच्या पुढे उंच, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीपेक्षा जास्त. त्या डोंगरावर हिवाळ्यात बर्फ पडतो. बर्फ वितळलं की ते पाणी डोंगराच्या पायथ्याच्या दगडगोट्यांच्या थरात मुरतं. शहरात नदी नाही, ओढा म्हणावा असा बारमाही ओढा पण नाही, जे काही पाणी आहे ते तिकडे डोंगराच्या पायथ्याला जमिनीखाली आहे, आणि शहर आहे कित्येक किलोमीटर लांब, उघड्या माळावर. आता एवढ्या उन्हात उघड्या पाटाने पाणी आणायचं म्हटलं तर वाटेतच निम्मं उडून जाणार. आपल्या कासच्या तलावाचं पाणी ब्रिटिशांच्या काळात पाटाने उताराउताराने साताऱ्यात आणलं, ते इथल्या हवेत जमलं, तिकडे जमलं नसतं.

म्हणून त्यांनी पाणी जमिनीखालून आणलं. याला म्हणतात कनात.

मोबाईलवर सॅटेलाइट मॅप उघडून यझ्दच्या आजूबाजूच्या माळावर झूम केलं तर एक गंमत दिसते. एका रेषेत गोल गोल खड्डे, शेकडो, जसं काही कुणी मुंग्यांची वारुळं दोरी लावून ओळीने मांडलीत, आणि ती ओळ डोंगराकडून निघून सरळ शहराकडे येते. ती एकेक वारूळ म्हणजे एकेक विहीर. मी कितीतरी वेळा रात्री झोपायच्या आधी या ओळी बोटाने पकडून डोंगरापर्यंत जात बसते.

कनात खणायची पद्धत अशी. आधी डोंगराच्या पायथ्याला एक खोल विहीर पाडायची, पाणी लागेपर्यंत. हिला आई-विहीर म्हणतात. पाणी लागलं, बरं लागलं, टिकतंय असं दिसलं की मग उताराचं मोजमाप, दोरी, ओळंबा आणि पाण्याची पातळी एवढ्याच साधनांवर. आई-विहिरीच्या पाण्याच्या पातळीवरून अगदी हलक्या उताराने एक बोगदा काढायचा, तो खाली जाऊन जिथे जमिनीच्या वर उघडेल ते त्याचं तोंड. उतार जास्त झाला तर पाणी जोरात वाहून बोगदा आतून खरवडून टाकतं, कमी झाला तर गाळ साचतो, त्यामुळे हजार मीटरला एखादा मीटर, काही ठिकाणी त्याहून कमी, इतका बारीक उतार. आणि खणायला सुरुवात करायची खालच्या तोंडाकडून, वर डोंगराकडे, म्हणजे पाणी लागलं तरी ते खाली निघून जाईल, खणणारा बुडणार नाही. वाटेत ठरावीक अंतरावर वरून उभ्या विहिरी पाडत जायचं, त्यातून माती वर काढायची आणि आत हवा जायची. वर काढलेली माती त्या विहिरीच्या तोंडाभोवतीच गोल रचायची, म्हणजे कधी वळवासारखा पाऊस आलाच तर पुराचं पाणी आणि गाळ आत उतरत नाही. सॅटेलाइटवर दिसतात ते खड्डे म्हणजे हीच गोल मातीची कडी.

हे काम करणाऱ्यांना मुकन्नी म्हणतात. बापाकडून पोराकडे आलेलं काम. वर रहाटासारखं लाकडी चाक, त्यावर दोर, चामड्याची बादली, आणि खाली माणूस वाकून, कधी कधी जवळजवळ बसून, खणतोय. सोबत तेलाचा दिवा, उजेडाला आणि हवेच्या परीक्षेला पण, दिवा मिणमिणायला लागला की बाहेर. माती ढिली असली की आतून भाजलेल्या मातीची कडी बसवत जायचं. पांढरे कपडे घालून आत उतरायचे हे लोक, अंधारात दिसावं म्हणून, आणि सांगतात की आत काही झालंच तर तेच कफन. आपल्याकडे विहीर खणणारे वडार लोक ज्यांनी पाहिलेत, यारी लावून शंभर फुटावरनं दगडाची बादली वर येताना ज्यांनी पाहिलीये, त्यांना या कामातला जीव कळेल. आता आपण विहिरीच्या तळाला मशीन उतरवून आडवं बोअर मारतो, दोनशे-तीनशे फूट आडवं गेलं की खूश होतो. यझ्दची झार्च नावाची कनात सत्तर किलोमीटरच्या पुढे आहे. तिच्यावर दोन हजारच्या वर उभ्या विहिरी आहेत. सत्तर किलोमीटर म्हणजे साताऱ्यातून निघालात तर शिरवळ मागे टाकाल. तेवढा बोगदा, हाताने.

ही झार्चची कनात २०१६ साली युनेस्कोच्या यादीत गेली, इराणमधल्या ११ कनाती एकत्र घेतल्या त्यात ही एक.

मागच्या दिवाळीत आजोळी गेले होते तेव्हा मामाला हे सगळं मोबाईलवर दाखवलं. मामाची शेती पाटाच्या पाण्यावर अर्धी आणि देवाच्या भरवशावर अर्धी. त्याने फोटो बघितले, मान हलवली, बोगद्याची लांबी ऐकून "बाब्बौ" म्हणाला, आणि मग म्हणाला, "खणलं ते ठीक हाय गं पोरी, पण पाळी कोण लावतो?" मला हा प्रश्न फार आवडला, कारण कनातीवर लिहिणारी निम्मी माणसं खणण्यावरच थांबतात, आणि यझ्द टिकलंय ते पाळीवर.

कनातीचं पाणी रात्रंदिवस वाहतं, त्याला कॉक नाही. म्हणून वाटणी वेळेत व्हायची. अमक्याला इतका वेळ, तमक्याला इतका वेळ, आणि दहा-पंधरा दिवसांचा फेरा पूर्ण झाला की परत पहिल्यापासून. वेळ मोजायला काय? एका मोठ्या भांड्यात पाणी आणि त्यावर तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी तरंगत ठेवायची. वाटी भरून बुडाली की एक माप झालं, खडा टाकायचा, वाटी परत तरंगत सोडायची. हे वाचलं आणि मी उठून बसले, कारण हे तर आपलं घटिकापात्र! मुंजीला, लग्नाला मुहूर्तासाठी गुरुजी घंगाळात वाटी सोडायचे, जुन्या लोकांनी पाहिलेलं आहे. आपण त्यावर मंगलाष्टकं म्हटली, त्यांनी त्यावर शेत भिजवलं. हे मोजणारा आणि पाळी लावणारा माणूस वेगळा नेमलेला असायचा, त्याला मिराब म्हणतात, म्हणजे आपला पाटकरी. पण आपल्या पाटकऱ्याला सरकार नेमतं आणि मिराबला पाण्याचे हिस्सेदार नेमायचे, आणि त्याच्या शब्दावर गावाचा विश्वास असायचा. पाण्याचे हिस्से जमिनीपासून वेगळे, विकता यायचे, वारसाने मिळायचे, हुंड्यात द्यायचे, मशिदीला दान करायचे. कनात खणायला पैसे घालणाऱ्यांचे हिस्से, आणि दुरुस्तीचा खर्च पण त्याच हिश्शाने. गाळ दरवर्षी काढावाच लागतो, त्यामुळे आज दुरुस्ती टाळली तर उद्या सगळ्यांचंच पाणी बंद. मामाला हे सांगितलं तर तो बराच वेळ काही बोलला नाही, मग एवढंच म्हणाला, "वाटीवालं माणूस इमानी पायजे."

आणि अजून एक नियम होता, हरीम. कनातीच्या भोवती ठरावीक अंतरात दुसऱ्या कुणी विहीर पाडायची नाही. जमीन कशी आहे, मऊ की कडक, त्यावरून अंतर ठरायचं. हा कायदा हजार वर्षांपासून चालत आलेला. आपल्याकडे सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला कायद्याने मनाई आहे, किती जण पाळतात ते तुम्हाला माहीत आहे.

आता शहरात येऊ. कनात शहराखालून जाते तेव्हा पाणी आधी कुणाला मिळणार हे उतारावरूनच ठरतं, वरच्या अंगाला जे राहतात त्यांना ताजं, थंड पाणी. त्यामुळे मोठ्या लोकांचे वाडे आणि महत्त्वाच्या जागा वरच्या अंगाला. आणि पाण्यापर्यंत उतरायला घराघरातून, मशिदीतून, गल्लीतून पायऱ्या. यझ्दची जामे मशीद जगभर तिच्या दाराच्या कमानीसाठी आणि दोन मिनारांसाठी प्रसिद्ध आहे. बांधकाम मुख्यतः चौदाव्या शतकातलं, मिनार जवळजवळ ५० मीटर उंच, इराणमधल्या सगळ्यात उंच मिनारांमध्ये गणले जातात, आणि निळ्या टाइल्सचं काम असं की फोटोत सुद्धा मान वर करावीशी वाटते. वाळवंटात सगळं गाव मातीच्या रंगाचं, भिंती, छपरं, रस्ते, आणि मधेच हा निळा रंग आभाळात घुसलेला. पण त्या मशिदीच्या आवारात एक जिना खाली जातो, खोल, आणि तो उतरतो थेट झार्चच्या कनातीत. नमाजाआधी हातपाय धुवायचं पाणी खालून. वर निळा मिनार आणि खाली अंधारात वाहणारं पाणी, ही दोन मिळून ती मशीद आहे. मिनाराचे फोटो हजारो सापडतात, जिन्याचे फार शोधावे लागतात, याचं मला वाईट वाटतं.

मग बादगीर. हे यझ्दचं सगळ्यांना माहीत असलेलं रूप. घरांच्या छपरावर उंच चौकोनी मातीचे धुरांड्यासारखे मनोरे, वरच्या बाजूला उभ्या फटी. वारं कुठूनही येवो, ते या फटीत सापडतं आणि आतल्या उभ्या पोकळीतून खाली खोलीत येतं. वारं नसेल तेव्हा तीच पोकळी आतली गरम हवा वर ओढून घेते. खाली खोलीत पाण्याचा हौद असला की येणारं वारं त्यावरून जाऊन गार होतं, आणि घराखालच्या तळघरातून कनात जात असेल तर विचारायलाच नको. उन्हाळ्यात ४० अंशाच्या वर जाणाऱ्या गावात विजेशिवाय एवढं. दौलताबाद बागेतला बादगीर ३३ मीटरच्या वर उंच आहे, अष्टकोनी, आणि जगातला सगळ्यात उंच मातीचा बादगीर म्हणून ओळखला जातो. ही बाग मोहम्मद तकी खान या यझ्दच्या कारभाऱ्याने १७४७ च्या सुमारास केली, आणि बाग करायच्या आधी त्याने काय केलं तर कनातीचं पाणी तिथपर्यंत आणलं. बाग, तिचे सरळ पाट, दोन्ही बाजूला सरूची झाडं, रंगीत काचांच्या खिडक्यांचा महाल, सगळं त्या पाण्याच्या जोरावर. पर्शियन बागा म्हणून युनेस्कोने २०११ ला ज्या नऊ बागा घेतल्या त्यात ही आहे.

त्याच अठराव्या शतकात आपल्याकडे, साताऱ्याजवळ लिंबला, बारा मोटेची विहीर बांधली गेली, यझ्दच्या बागेच्या वीस-पंचवीस वर्षं आधी. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांनी खरंच जाऊन या, महामार्गापासून थोडंच आत आहे. विहिरीच्या पोटात दगडी महाल, खाली उतरलं की भर एप्रिलमध्ये गार वाटतं, भिंतीवर हत्ती, वाघ कोरलेले. पाण्याच्या शेजारी बसायची जागा करायची आणि उन्हाळा तिथे काढायचा, ही अक्कल दोन्हीकडे होती.

पिण्याच्या पाण्यासाठी यझ्दमध्ये अजून एक सोय, आब-अंबार, म्हणजे जमिनीखालचे बांधीव हौद, वर घुमट आणि घुमटाच्या बाजूला बादगीर, पाणी गार रहायला आणि हवा खेळती रहायला. एका हौदाला तर सहा बादगीर आहेत आणि त्याचं नावच सहा बादगीरांचा हौद. बर्फ पण करायचे! यझ्दपासून पन्नासेक किलोमीटरवर मेबोद म्हणून गाव आहे, तिथे मातीचं बर्फघर अजून उभं आहे. उंच भिंतीच्या सावलीत उथळ डबकी, हिवाळ्यातल्या वाळवंटी रात्री आभाळ उघडं असल्याने पाणी गोठतं, सकाळी बर्फ फोडून जाड भिंतीच्या घुमटात साठवायचा, उन्हाळ्यात वापरायचा.

घरं म्हणजे उन्हात वाळवलेल्या विटा आणि त्यावर माती-भुशाचा गिलावा. गल्ल्या अरुंद, वळणावळणाच्या, मधे मधे वरून कमानी टाकून झाकलेल्या, सावलीसाठी. जुन्या दारांवर दोन कड्या, एक पुरुषांनी वाजवायची आणि एक बायकांनी, आवाज वेगवेगळा, आतून कुणी दार उघडायला जायचं ते आवाजावरून कळायचं. माणदेशातली माळवदाची घरं ज्यांनी पाहिलीत त्यांना या मातीच्या भिंतीचा गारवा सांगायला नको. आमच्या आजोळचं माळवद उतरवून तिथे स्लॅब टाकला, आता दुपारी त्या खोलीत कुणी बसत नाही.

इतिहासाचं म्हणाल तर यझ्द फार काळ कुणा मोठ्या सम्राटाची राजधानी नव्हतं, आणि मला वाटतं त्यामुळेच ते वाचलं. तेराव्या शतकात मंगोल आले तेव्हा निशापूर, मर्व्ह अशी शहरंच्या शहरं कापून काढली, पण यझ्दच्या राज्यकर्त्यांनी, ज्यांना अताबेग म्हणतात, मांडलिकत्व पत्करलं आणि गाव राहिलं. उलट बाकीच्या शहरांतून जीव घेऊन पळालेले विद्वान, कारागीर यझ्दला आले. १२७२ च्या सुमाराला मार्को पोलो इथून गेला, त्याने इथल्या रेशमी कापडाचा आणि व्यापाराचा उल्लेख करून ठेवलाय. चौदाव्या शतकात मुजफ्फरी घराणं इथूनच वर आलं आणि जामे मशिदीचं मोठं काम त्याच काळातलं. पंधराव्या शतकात तैमुरी राजवटीत अमीर चखमाक नावाचा सुभेदार आणि त्याची बायको सित्ती फातिमा यांनी मशीद, सराई, हमामखाना, विहीर असा मोठा चौक वसवला, आज त्या चौकातली तीन मजली कमानींची दर्शनी भिंत यझ्दच्या प्रत्येक पोस्टकार्डावर असते, संध्याकाळी दिवे लागले की फार सुंदर दिसते. कमानींचं ते बांधकाम मात्र नंतरचं, एकोणिसाव्या शतकातलं. तिथल्या चौकात नख्ल नावाचा प्रचंड लाकडी सांगाडा आहे, झाडाच्या पानाच्या आकाराचा, असे सांगाडे मोहरमला काळ्या कापडाने मढवून इमाम हुसेनच्या आठवणीत शेकडो लोक मिळून उचलतात.

आता अग्नी. हा भाग माझ्या सगळ्यात जवळचा आहे.

सातव्या शतकात अरबांनी सासानी साम्राज्य जिंकल्यावर जरथुष्ट्राचा धर्म इराणमध्ये हळूहळू आक्रसत गेला. काही लोक समुद्रमार्गे गुजरातला आले, ते आपले पारशी. जे मागे राहिले ते शेवटी मुख्यतः दोन ठिकाणी तग धरून राहिले, यझ्द आणि केरमान, दोन्ही वाळवंटाच्या कडेला, दोन्ही राजधानीपासून लांब. यझ्दच्या अग्निमंदिरातला अग्नी इ.स. ४७० पासून विझलेला नाही असं तिथले लोक सांगतात, एका गावातून दुसऱ्या गावात, लपवत, सांभाळत आणलेला. आजचं मंदिर १९३४ चं आहे, समोर गोल तळं, तळ्यात मंदिराची सावली, दारावर पंख पसरलेला फरवहर, म्हणजे जरथुष्ट्री धर्माचं चिन्ह. आणि ते बांधायला मुंबईच्या पारशी लोकांनी पैसे पाठवले. हजार-बाराशे वर्षांपूर्वी निघून गेलेल्या लेकरांनी मागे राहिलेल्यांसाठी घर बांधून दिलं, असं मी याच्याकडे बघते.

त्याच्या आधीची गोष्ट तर अजून मोठी आहे. एकोणिसाव्या शतकात यझ्दचे जरथुष्ट्री फार हलाखीत होते. जिझिया द्यावा लागायचा. घोड्यावर बसायची बंदी, रंगीत कपड्यांची बंदी, घर उंच बांधायची बंदी, आणि बादगीर बांधायची पण बंदी. या शेवटच्या बंदीपाशी मी थांबते. त्या उन्हात, त्या गावात, शेजारच्या घरात वारं येतंय आणि तुला ते घ्यायची मुभा नाही. १८५४ साली मुंबईच्या पारशी मंडळींनी माणेकजी लिमजी हातारिया या गृहस्थांना इराणला पाठवलं. सुरतजवळच्या गावात जन्मलेला हा माणूस, पुढची जवळजवळ सगळी हयात त्याने तिकडे घातली. अग्निमंदिर दुरुस्त केलं, शाळा काढल्या, दरबारात खेटे घातले, आणि शेवटी १८८२ ला इराणचा बादशहा नासिरुद्दीन शाह याने जिझिया रद्द केला. अठ्ठावीस वर्षं एकच मागणी लावून धरली. १८९० ला माणेकजी तेहरानमध्ये वारले. यझ्दच्या बाहेर दोन टेकड्यांवर दोन दख्मे आहेत, मृतदेह गिधाडांना द्यायच्या गोल दगडी भिंती, त्यातला एक माणेकजींच्याच नावाने ओळखला जातो. विसाव्या शतकात ती प्रथा तिथे बंद झाली, आता टेकडीखाली दफनभूमी आहे, आणि वर पर्यटक चढतात.

या काळात यझ्दच्या आसपासच्या खेड्यांतून बरेच जरथुष्ट्री आपल्याकडे आले, मुंबईला, पुण्याला. त्यांनाच आपण इराणी म्हणतो, कोपऱ्यावरच्या संगमरवरी टेबलाच्या हॉटेलातला इराणी, ब्रून-मस्का-चहावाला, तो बहुतेक वेळा यझ्दच्या किंवा केरमानच्या खेड्यातला. पाचगणीला पारशी पॉइंटवर उभं राहून कृष्णेचं खोरं बघताना हे माझ्या मनात येतंच. आणि साताऱ्याचा तर थेट धागा आहे. आध्यात्मिक गुरू मेहेरबाबा यांचे वडील शहरियार इराणी यझ्दजवळच्या खोर्रमशाह या खेड्यातले, आणि त्यांच्या घरात दख्म्याची राखण करायचं काम होतं. तिथून ते भारतात आले, फकिरासारखे फिरले, पुण्यात स्थिरावले, १८९४ ला मेहेरबाबांचा जन्म पुण्याचाच. मेहेरबाबा पुढे पाचगणीला, साताऱ्याला राहिले, आणि २ डिसेंबर १९५६ ला त्यांच्या गाडीला मोठा अपघात झाला तो साताऱ्याच्या अलीकडे उडताऱ्याजवळ. पुण्याहून येताना उडतारे लागलं की मला यझ्दची ती टेकडी आठवते. दख्म्याच्या राखणदाराचा नातू इथल्या रस्त्यापर्यंत पोचला होता.

आजच्या यझ्दबद्दल लिहायलाच हवं. विसाव्या शतकात पंप आले, खोल बोअरवेल आल्या, आणि हरीमचा नियम मागे पडला. कनातीत जेवढं झिरपतं तेवढंच वाहतं, डोंगरावर बर्फ कमी पडलं तर पाणी कमी, त्यापेक्षा जास्त ओढताच येत नाही. पंपाला अशी मर्यादा नाही. भूजल खाली गेलं की आई-विहीर कोरडी, आणि मग खालचा सगळा बोगदा कोरडा. बऱ्याच कनाती अशा मेल्या. शहर वाढलं, टाइल्सचे, पोलादाचे कारखाने आले, आणि आता यझ्दला मोठ्या प्रमाणात पाणी येतं ते इस्फहानकडून, झायंदे रूद नदीचं, पाइपलाइनने. तिकडचे शेतकरी म्हणतात आमची नदी आटली आणि आमचं पाणी यझ्दच्या कारखान्यांना. २०१३ ला चिडलेल्या शेतकऱ्यांनी ती पाइपलाइन फोडली, यझ्दचं पाणी तुटलं, आणि भांडण नंतरही मिटलेलं नाही. जिहे-कठापूर, उरमोडी या योजनांचं पाणी माण-खटावकडे आलंय त्याचा आनंद मला आहे, माझ्या आजोळचा प्रश्न आहे तो. पण आमच्या गावात नळाला पाणी आल्यावर जुन्या आडात कचरा टाकायला सुरुवात झाली, ते बघून मला यझ्दच्या बंद पडलेल्या विहिरींची ओळच दिसते, आणि मी ग्रामपंचायतीत हे बोलले पण आहे.

यझ्दमध्ये मात्र कनातींचा अभ्यास करणारं आंतरराष्ट्रीय केंद्र युनेस्कोच्या मदतीने २००५ पासून चालू आहे, आणि एका जुन्या व्यापाऱ्याच्या हवेलीत पाण्याचं म्युझियम आहे, जिच्या तळघरातून खाली खरी कनात जाते. इराणभर अजून तीस हजारांच्या वर कनाती वाहत्या आहेत असं सरकारी आकडे सांगतात.

ही विद्या आपल्या दख्खनमध्ये पण आली होती हे फार कमी लोकांना माहीत असतं. औरंगाबादला मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जमिनीखालून नहर आणली. बुऱ्हाणपूरला १६१५ च्या सुमाराची कुंडी भंडारा आहे, रांगेने विहिरी, खाली बोगदा, आणि त्यात अजून पाणी आहे, लिफ्टने खाली उतरून बघता येतं. बिदरची नौबादची कनात गेल्या काही वर्षांत गाळ काढून मोकळी केली. आणि आदिलशाहीने विजापूरला तोरवीकडून जमिनीखालून पाणी आणलं होतं, त्याचे दगडी मनोरे शहरात अजून उभे आहेत, गोल घुमट बघायला जाणारे लोक त्यांच्या शेजारून जातात. सांगलीकडून जतमार्गे गेलं तर सकाळी निघून दुपारपर्यंत पोचता येतं. मामाला घेऊन जायचं ठरलंय, सुगी झाली की, तोरवीच्या बाजूने सुरुवात करून शहरापर्यंत मनोरे बघत यायचं. त्याच्याबद्दल वेगळं लिहीन, फोटो टाकून.